‘कुंकू’ (१९३७) आज कसा बघायचा, लोकांना कसा दाखवायचा आणि त्यावर बोलायचं कसं

‘तू चाल पुढं तुला रं गड्या भीती कशाची’ ही ओळ आपल्याकडे जवळपास सगळ्यांना येते, गॅदरिंगला म्हणतात, निरोपसमारंभात म्हणतात, व्हॉट्सॲप स्टेटसला ठेवतात, पण गाणं कुठल्या सिनेमातलं असं विचारलं की बरेचजण थांबतात. ते ‘कुंकू’मधलं आहे. प्रभातचा सिनेमा, साल १९३७, दिग्दर्शक व्ही. शांताराम, आणि गोष्ट नीरा नावाच्या एका मुलीची जिचं फसवून म्हाताऱ्या बिजवराशी लग्न लावून दिलंय आणि जी लग्नानंतर त्या घरात राहूनच स्पष्ट सांगते की मला हे लग्न मान्य नाही, मी तुमची बायको म्हणून राहणार नाही. मला हा सिनेमा फार जवळचा आहे आणि तो एकट्याने मोबाईलवर बघण्यापेक्षा चार लोकांत बसून बघावा असं मनापासून वाटतं, म्हणून कसा बघायचा, कसा दाखवायचा ते सविस्तर लिहितेय. महिला मंडळ असो, कॉलेजचा ग्रुप असो, सोसायटीचा हॉल असो नाहीतर घरातलीच तीन पिढ्यांची माणसं असोत, सगळीकडे चालतं.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. हा सिनेमा दाखवला की पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते, ‘बापरे, काय ते दिवस, बरं झालं आता असं नाही’. लोक असं म्हणून उठले आणि चहा पिऊन घरी गेले तर तुमची मेहनत वाया गेली. जरठ-कुमारी विवाह कमी झाले हे खरं, पण सिनेमाचा मूळ मुद्दा नवऱ्याचं वय हा नाहीच, मुद्दा असा की लग्न झालेल्या बाईने ‘नाही’ म्हटलं तर त्या नाहीला किंमत आहे का आणि ती किंमत कोण कोण कमी करतं. हा प्रश्न आजही जसाच्या तसा उभा आहे. त्यामुळे तुमची सगळी तयारी, कुठे थांबायचं, काय विचारायचं, कोणाला आधी बोलू द्यायचं, ही ‘नाही’भोवती हवी.

आता तयारी. सिनेमा अडीच तासांपेक्षा मोठा आहे, मराठी ‘कुंकू’ आणि हिंदी ‘दुनिया न माने’ दोन्ही एकाच वेळी त्याच मुख्य कलाकारांना घेऊन केलेले, ऑनलाइन शोधलं की सापडतात, प्रत कशी आहे ते मात्र आधी स्वतः बघून घ्या. घरात सून किंवा जावई अमराठी असेल तर हिंदी लावा, नाहीतर मराठीच, कारण नीराच्या तोंडी ती बोली जास्त धारदार लागते. प्रिंट जुनी आहे, आवाज खरखरतो, टीव्हीच्या स्वतःच्या स्पीकरवर निम्मे संवाद कळत नाहीत, म्हणून बाहेरचा स्पीकर लावाच आणि पंखे शक्यतो हळू करा. दुपारी लावत असाल तर पडदे ओढा कारण यातले बरेच प्रसंग अंधाऱ्या माजघरातले आहेत आणि उजेडात काहीच दिसत नाही. मधे एक मोठा ब्रेक ठेवा. आणि कृपा करून सुरुवातीला भाषण नको, दोन मिनिटांत कोण, कधी, काय एवढं सांगून बसा.

त्या दोन मिनिटांत काय सांगायचं तर हे. नारायण हरी आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर हा सिनेमा आहे. नीराचं काम शांता आपटे यांचं, तिच्या म्हाताऱ्या नवऱ्याचं म्हणजे काकासाहेबांचं केशवराव दाते यांचं, संगीत केशवराव भोळे, मराठी गाणी शांताराम आठवले यांची. प्रभात कंपनी तेव्हा पुण्यात होती, जिथे आज एफटीआयआय म्हणजे फिल्म इन्स्टिट्यूट आहे तीच ती जागा. आणि एक धागा जरूर द्या, १८९९ साली देवलांचं ‘संगीत शारदा’ रंगमंचावर आलं, त्यातही म्हातारा नवरदेव आणि पोरसवदा मुलगी, पण तिथे लग्न मांडवातच मोडतं. ‘कुंकू’मधे लग्न लागून जातं, आणि मांडव उतरल्यावर त्या मुलीचं काय होतं ते बघायला हा सिनेमा मागे थांबतो. माझ्या मते शारदेपेक्षा नीरा पुढे गेली ती इथेच, कारण शारदेला वाचवायला इतर लोक धावून येतात आणि नीराला स्वतःलाच उभं राहावं लागतं, त्याच घरात, रोज.

संगीतप्रधान सिनेमा आहे म्हणून लोक गाण्यांची वाट बघतात, ते बरोबरच, पण त्यांना आधी कानाचं एक काम द्या. या सिनेमाला पार्श्वसंगीत नाही. प्रसंग गंभीर झाला की व्हायोलिन, रडू आलं की सारंगी, असलं काही नाही, घरातले आवाज तेवढे आहेत, दारं, पावलं, भांडी, आणि घड्याळाची टिकटिक. ते भिंतीवरचं मोठं लंबकाचं घड्याळ नीट ऐकायला सांगा. काकासाहेबांना ती टिकटिक आपल्या सरत्या वयाची आठवण करून देते आणि नीराला त्या घरातला एकेक क्षण मोजून दाखवते, असं मला दरवेळी वाटतं. सिरियलमधे प्रत्येक वाक्यामागे ढॅण ढॅण ऐकायची सवय लागलेल्या मुलांना पहिली वीस मिनिटं हे रिकामं वाटतं, मग अचानक लक्षात येतं की आपण त्या बाईसोबत त्या घरात अडकलोय, बाहेर काढायला संगीतसुद्धा येत नाहीये.

आणि म्हणूनच गाणी आली की ती जास्त लागतात. तेव्हा पार्श्वगायन रुळलेलं नव्हतं, शांता आपटे स्वतः गात होत्या, तोंड आणि आवाज एकाच माणसाचे, त्याने फरक पडतो. ‘मन सुद्ध तुझं’, म्हणजे ज्यात ‘तू चाल पुढं’ ही ओळ येते तेच गाणं, रस्त्यावर गाणाऱ्याच्या तोंडी आहे, मास्टर परशुराम यांनी गायलेलं, ते सुरू झालं की हॉलमधे सगळे सोबत गुणगुणायला लागतात, गुणगुणू द्या, थांबवू नका, पण संपल्यावर सिनेमा पॉज करून एवढंच विचारा की गोष्टीच्या या टप्प्यावर हे गाणं कोणाला उद्देशून आलंय असं वाटतं. आपण ते कायम मर्दानी हिमतीचं गाणं म्हणून ऐकलंय. इथे ते एका सासरी कोंडलेल्या मुलीच्या गोष्टीत येतं आणि त्याचा अर्थच पालटतो. दुसरं गाणं जिथे सगळे चमकतात ते म्हणजे नीरा चक्क इंग्रजी कविता गाते, लाँगफेलोची, जगाच्या रणांगणावर मुक्या हाकलल्या जाणाऱ्या गुरांसारखं राहू नकोस असं सांगणारी. १९३७ साली मराठी सिनेमातली लग्न झालेली मुलगी इंग्रजी कविता गाते हे बघून कॉलेजची पोरं एकदम ताठ बसतात. इथे विचारायचा प्रश्न असा की शिकलेली, वाचणारी मुलगी आहे तरी फसवली गेलीच ना, मग शिक्षणाने तिला नेमकं काय दिलं. माझं उत्तर असं की शिक्षणाने तिला फसवणुकीपासून वाचवलं नाही पण फसवणूक झाली हे मोठ्याने म्हणायची ताकद दिली. तुमच्या ग्रुपचं उत्तर वेगळं असेल, ऐका.

पॉज कुठे करायचं याबद्दल माझं मत ठाम आहे, फार वेळा नको, तीन ठिकाणं पुरे. एक वर सांगितलं ते गाणं. दुसरं, काकासाहेबांचा वयात आलेला मुलगा नीरावर वाईट नजर ठेवतो आणि ती त्याला छडीने फोडून काढते तो प्रसंग. इथे टाळ्या पडतात, पडू द्या, पण मग विचारा की ही मारहाण करायची वेळ तिच्यावर का आली, घरात मोठी माणसं असताना तिने आधी कोणाला सांगायचं होतं आणि सांगितलं असतं तर काय झालं असतं. माझ्या अनुभवात या प्रश्नानंतर बायका एकदम गप्प होतात, मग कोणीतरी हळूच दीराचं, चुलतसासऱ्याचं, शेजाऱ्याचं काहीतरी सांगते. तिथे घाई करू नका.

तिसरं ठिकाण म्हणजे काकासाहेबांची मुलगी माहेरी येते आणि वडिलांना तोंडावर विचारते तो भाग. हे काम शकुंतला परांजपे यांनी केलंय आणि त्यांच्याबद्दल चार वाक्यं सांगितल्याशिवाय पुढे जाऊ नका. रँग्लर परांजप्यांच्या या मुलीने खऱ्या आयुष्यातही तेच केलं, र. धों. कर्व्यांच्या बरोबरीने संततिनियमनाचा प्रचार केला, तोही अशा काळात जेव्हा हा विषय घरात काढणं म्हणजे निर्लज्जपणा समजला जायचा, पुढे त्या विधानपरिषदेत गेल्या, १९६४ ते १९७० राज्यसभेत होत्या, १९९१ साली पद्मभूषण मिळालं. पडद्यावर जी बाई वडिलांना जाब विचारतेय ती बाहेरही समाजाला तोच जाब विचारत होती, हे कळलं की तो प्रसंग वेगळाच दिसतो. चर्चेसाठी प्रश्न हा ठेवा की सावत्र आईच्या वयाची मुलगी आपल्या वडिलांच्या विरोधात त्या सावत्र आईची बाजू घेते, आज आपल्या ओळखीत अशी नणंद किंवा लेक किती जणींना मिळाली.

आता काकासाहेब. इथे बहुतेक चर्चा घसरतात कारण सगळे मिळून त्यांना राक्षस ठरवतात आणि विषय संपवतात. तसं होऊ देऊ नका. ते वकील आहेत, शिकलेले, समाजात मान असलेले, हात उचलणारे दारुडे नाहीत, आणि केशवराव दाते यांनी त्यांना इतकं माणूस करून ठेवलंय की त्यांची कीव येते, आरशाच्या फुटलेल्या तुकड्यांत त्यांचा चेहरा दिसतो तिथे तर फारच. सिनेमाचं सगळ्यात मोठं धैर्य मला इथे दिसतं. खलनायक वाईट असता तर सोपं होतं, इथे भला माणूस आहे आणि तरी अन्याय घडलाय, कारण एकदा लग्न लागलं की बायको आपली हे त्याने कधी तपासलेलंच नाही. ग्रुपमधल्या पुरुषांना विचारायचं तर ‘तुम्ही काकासाहेबांसारखे आहात का’ असं नाही विचारायचं, ते लगेच बचावात जातात, त्याऐवजी ‘काकासाहेबांना पहिल्यांदा नक्की कधी कळलं की आपलं चुकलं आणि कळल्यावरही ते एवढे दिवस का थांबले’ असं विचारा. मग बोलतात, आणि प्रामाणिकपणे बोलतात. घरातली वडीलधारी बाईपण विसरू नका, रीत सांभाळण्याचं, नीराला बायकोपणाच्या चौकटीत बसवण्याचं काम तिच्याकडेच आहे, आणि तीही त्याच रितीखाली दबून म्हातारी झालेली आहे.

यानंतर कायद्याचा भाग, आणि इथे थोडा अभ्यास करून जा कारण कोणीतरी म्हणणारच की ‘आता कायदे आहेत’. आहेत, पण काय आहेत ते बघा. शारदा कायदा म्हणजे बालविवाहाला आळा घालणारा कायदा १९२९चा, १९३० पासून लागू, त्यात मुलीचं किमान वय १४ होतं, म्हणजे नीरासारख्या मोठ्या मुलीला त्याचा शून्य उपयोग. हिंदू स्त्रीला घटस्फोट मागण्याची सोय मुंबई प्रांतात आली १९४७ला आणि देशभर १९५५च्या हिंदू विवाह कायद्याने, म्हणजे १९३७ साली नीराने कोर्टात जाऊन सुटका मागायची म्हटली असती तर दारच नव्हतं. आज फसवून लग्न लावलं तर १९५५च्या कायद्याच्या कलम १२ खाली ते रद्द करून घेता येतं, फसवणूक कळल्यापासून वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो, ही माहिती ग्रुपला सांगाच कारण खोटं वय, खोटं शिक्षण, लपवलेलं पहिलं लग्न अशा बायोडेट्याच्या कहाण्या प्रत्येकाच्या ओळखीत असतात.

पण जो मुख्य प्रश्न नीरा विचारते, की नवरा झाला म्हणून माझ्या शरीरावर हक्क कसा, त्याचं उत्तर कायद्याने अजून पूर्ण दिलेलं नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्या कलम ६३ मधेही जुना अपवाद कायम आहे, बायको १८ वर्षांची किंवा मोठी असेल तर नवऱ्याने केलेली जबरदस्ती बलात्कार धरली जात नाही. दिल्ली उच्च न्यायालयात मे २०२२ मधे दोन न्यायमूर्तींची मतं विरुद्ध पडली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ मधे लैंगिक छळ धरलेला आहे, तो आधार आहे, तेवढाच. याला जोडून रखमाबाईंची गोष्ट सांगा, लहानपणी लग्न झालेलं, नवऱ्याकडे नांदायला नकार दिला, नवऱ्याने १८८४ला मुंबईत दावा लावला, १८८५ला निकाल रखमाबाईंच्या बाजूने, अपिलानंतर १८८७ला उलटा निकाल की नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, आणि बाई म्हणाल्या तुरुंगात जाईन. शेवटी १८८८ला पैसे देऊन तडजोड झाली आणि त्या विलायतेत जाऊन डॉक्टर झाल्या. नवरा-बायकोने एकत्र नांदावं म्हणून कोर्टात दावा लावायची तरतूद, हिंदू विवाह कायद्याचं कलम ९, आजही पुस्तकात आहे. नीरा आणि रखमाबाई या दोघींना शेजारी शेजारी ठेवलं की ‘जुना सिनेमा’ हे लेबल आपोआप गळून पडतं.

बालविवाहाबद्दल कोणी ‘आता कुठे होतात’ म्हटलं तर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा आकडा जवळ ठेवा, २०१९-२१ च्या पाहणीत २० ते २४ वयाच्या ज्या बायकांना विचारलं त्यातल्या महाराष्ट्रात २१.९ टक्के बायकांचं लग्न १८ पूर्ण व्हायच्या आत झालेलं होतं, देशात २३.३ टक्के. म्हणजे पाचात एकीपेक्षा जास्त, आपल्या महाराष्ट्रात. आकडा सांगून लगेच पुढे जाऊ नका, आपल्या गावाकडे कोणत्या महिन्यांत आणि कोणत्या कारणाने ही लग्नं उरकतात ते विचारा, ऊसतोडीला जाताना मुलगी मागे कोणाकडे ठेवायची हा प्रश्न मराठवाड्यातल्या कोणालाही विचारा, ते सांगतील.

शेवट हा या सिनेमाचा कच्चा भाग आहे असं मला वाटतं आणि चर्चेला सगळ्यात जास्त वेळ तिथेच द्यावा. काकासाहेबांना पश्चात्ताप होतो, ते आत्महत्या करतात आणि मागे चिठ्ठी ठेवतात की तू योग्य माणसाशी पुन्हा लग्न कर. पहिल्यांदा बघताना डोळे भरून येतात, नंतर खटकायला लागतं. सगळा सिनेमाभर जी स्वतःच्या पायावर उभी होती तिची सुटका शेवटी नवऱ्याच्या मरणाने आणि नवऱ्याच्या परवानगीने होते. पण मग वरचा कायद्याचा मुद्दा आठवा, घटस्फोटच नव्हता, मग लेखकाने तिला सोडवायचं कसं, म्हाताऱ्याला मारण्याशिवाय वाट काय होती. ग्रुपला काम द्या, आजच्या कायद्यात, आजच्या घरात नीरा असेल तर शेवट काय कराल, पाच मिनिटं जोडीने बोला आणि सांगा. तरुण मुली पटकन ‘ती निघून जाईल’ म्हणतात, मग विचारा कुठे जाईल, भाडं कोण भरेल, आधारवर पत्ता काय, भाऊ घेईल का घरात. खरी चर्चा इथून सुरू होते. बसलेल्यांपैकी कोणाच्या घरात आत्महत्या झालेली असू शकते, म्हणून हा शेवट येणार हे आधीच सांगून ठेवा आणि टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फळ्यावर लिहून ठेवा, सोबत महिलांसाठी १८१ आणि मुलांसाठी १०९८. चर्चेत कोणी स्वतःचं काही सांगितलं तर तिथल्या तिथे सल्ले देऊ नका, नंतर बाजूला भेटा.

नवऱ्यामागे कुंकवाचं काय करायचं हा प्रश्न काढायचा तर हेरवाडपासून काढा. कोल्हापूर जिल्ह्यातलं शिरोळ तालुक्यातलं हे गाव, मे २०२२ मधे तिथल्या ग्रामपंचायतीने ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने बाकी ग्रामपंचायतींनीही हा कित्ता गिरवावा म्हणून परिपत्रक काढलं. सिनेमा येऊन ८५ वर्षं झाल्यावर ठराव करावा लागला. मंडळातल्या ज्या बायकांचे नवरे गेलेत त्यांना आधी बोलू द्या, हळदीकुंकवाला बोलावतात का, लेकीच्या लग्नात पुढे उभं राहू देतात का, ओटी कोण भरतं. बाकीच्यांनी नुसतं ऐकायचं. आमच्याकडे अशा चर्चेनंतर संक्रांतीचं वाण सगळ्यांना द्यायचं ठरलं, वाद झाले, एकदोघी आल्या नाहीत, पण सुरू झालं ते अजून चालू आहे.

शांता आपटे यांच्याबद्दल जाता जाता सांगायचंच, कारण ही बाई पडद्याबाहेरही नीराच होती. १९३९ला करारावरून भांडण झालं तेव्हा त्या प्रभातच्या फाटकात उपोषणाला बसल्या, आणि पुढच्या वर्षी ‘जाऊ मी सिनेमात?’ नावाचं पुस्तक लिहिलं, सिनेमात येऊ पाहणाऱ्या मुलींना तिथे काय चालतं ते सांगणारं. नोकरी करणाऱ्या मुलींच्या ग्रुपमधे हा भाग सांगितला की विषय आपोआप ऑफिसच्या बाँडवर, नोटीस पिरियडवर येतो.

चर्चा चालवताना दोन नियम पाळा. जो सगळ्यात जास्त बोलतो त्याला शेवटी बोलायला लावा, आणि ज्यांना मोठ्याने बोलणं जमत नाही त्यांच्यासाठी चिठ्ठ्या ठेवा, नाव न घालता लिहून डब्यात टाकायच्या आणि तुम्ही वाचायच्या. सासू आणि सून एकाच हॉलमधे असतील तर चिठ्ठ्याच चालतात. आज्यांना वेगळं विचारा, त्यांच्या काळात बिजवराला दिलेल्या मुली त्यांनी बघितल्यात, त्यांची नावं, ती घरं, नंतर काय झालं हे त्यांना सगळं आठवतं, आणि त्या सांगत असतील तर परवानगी घेऊन फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. वेळ कमी पडला तर सिनेमा एका रविवारी आणि चर्चा पुढच्या रविवारी ठेवा, मधल्या आठवड्यात लोक घरी बोलतात आणि दुसऱ्या वेळी जास्त तयारीने येतात.